दगडावरचं नाव

(आपल्या वार्षिक मेळाव्यात ‘एकटीचा प्रवास’ या सत्रात झालेलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. — संपादक मंडळ)

‘एकटीचा प्रवास’ या विषयावर बोलायला मला बोलावलं तेव्हा संयोजक मैत्रिणीनं विचारलं, “कुठल्या प्रवासावर बोलणार? हिमालय की राजस्थान?” मी म्हटलं, “कबरस्तानावर.” फोनवर जरा वेळ शांतता. मग ती हळूच म्हणाली, “बरी आहेस ना गं?”

मी बरी आहे. नागपूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला आणि निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून स्वतःसाठी पहिली वस्तू घेतली ती कॅमेरा. मुलगा म्हणाला, “आई, मोबाइलमध्ये असतो की.” असतो. पण मोबाइल वाजतो. कोणीतरी विचारतं, गॅस कुठे आहे, दुधाचे पैसे दिले का. कॅमेरा वाजत नाही. गळ्यात कॅमेरा असलेली बाई दिसली की लोक समजतात, हिचं काहीतरी काम आहे. बाईनं नुसतं उभं राहून बघणं आपल्याकडे अजून चालत नाही. बघायलाही तिला कारण लागतं. माझं कारण मी गळ्यात अडकवलं.

कबरस्तानच का, हे सांगण्यासाठी आधी थोडं घरातलं सांगावं लागेल.

माझी आई २००९ साली गेली. वडील हयात होते, म्हणजे ती सवाष्ण गेली. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. येणारी प्रत्येक बाई म्हणत होती, “भाग्याची गं, अहेव मरण आलं.” भाऊ परदेशात, त्याला पोचायला दोन दिवस लागणार होते. थांबायचं नाही असं ठरलं. कोणी ठरवलं? ओसरीवर बसलेल्या पुरुषांनी. मी थोरली. शेवटची आठ महिने तिचं सगळं मीच केलेलं. अग्नी द्यायला उभा राहिला एक चुलतभाऊ, जो तिला चार-पाच वर्षांत भेटलाही नव्हता. मी म्हटलं, “मी येते.” काका म्हणाले, “बायका येत नाहीत, बेटा.” आवाज अगदी प्रेमळ. रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते.

मैत्रिणींनो, तेव्हा मी तुमच्याबरोबर मोर्च्यात जात होते. हुंडाबळीच्या विरोधात, परित्यक्तांच्या प्रश्नावर घोषणा दिल्या होत्या. आणि आईच्या दारात मी गप्प बसले. ती फाटकाबाहेर गेली आणि मी घरात येऊन फरशी पुसली. तो दिवस मी अजून स्वतःला माफ केलेला नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. घाटावरच्या माणसानं रजिस्टरात लिहायला नाव विचारलं. चुलतभावाला तिचं नाव माहीत नव्हतं. घरात सगळे तिला ‘माई’ म्हणायचे. त्यानं ‘माई’ आणि पुढे वडिलांचं नाव, आडनाव असं सांगितलं. तेच लिहिलं गेलं. पुढे मृत्यूचा दाखला त्याच नावानं आला. रेशनकार्डावर तिचं सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मृत्यूच्या दाखल्यावर ‘माई’. बँकेत तिचे थोडे पैसे होते, पापड-लोणच्यांचे, स्वतः जमवलेले. ते मिळेनात. ‘या तिन्ही नावांची बाई एकच होती’ असं शपथेवर सांगायला मला सात महिने खेटे घालावे लागले. एका बाईचं आयुष्य झालं, आणि ती एकच होती की तीन, हे सिद्ध करायला स्टॅम्पपेपर लागला! मी घाटावर असते तर नाव बरोबर सांगितलं असतं. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली. शेवटी नाव कोण सांगतं आणि ते कोण लिहितं, ही लहान बाब नाही.

आता कलकत्ता. सरकारी नाव २००१ पासून कोलकाता आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडात कलकत्ताच बसलेलं.

२०१९ च्या जानेवारीत मी एकटी गेले. लॉजवर काउंटरच्या माणसानं विचारलं, “मॅडम, साथ में कौन?” म्हटलं, “कॅमेरा.” तो हसला नाही. त्यानं माझ्या मुलाचा फोन नंबर लिहून घेतला, नवऱ्याचं नाव लिहून घेतलं, मग किल्ली दिली. मी बासष्ट वर्षांची होते. बासष्टाव्या वर्षीही बाईला पालक लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क स्ट्रीटच्या पूर्वेच्या टोकाला गेले. या झगमगाटी रस्त्याचं आताचं नाव मदर तेरेसा सरणी. पण इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळात त्याचं नावच होतं कबरस्तानाचा रस्ता. गावातून प्रेतं याच वाटेनं यायची. पुढे न्यायाधीश इम्पे यांच्या हरणांच्या बागेवरून पार्क स्ट्रीट झालं. लोकांना मरणाच्या नावाच्या रस्त्यावर घरं घ्यायची नसतात, हरणांच्या चालतात.

रस्ता जिथे संपतो तिथे साउथ पार्क स्ट्रीटचं कबरस्तान आहे. १७६७ साली सुरू झालं. जेमतेम पंचवीस वर्षांत भरत आलं, तरी १८३० च्या आसपासपर्यंत अधूनमधून दफनं होत राहिली. साधारण सोळाशे थडगी. समोर उत्तरेचंही एक होतं. १९५० च्या दशकात ते पाडलं, तिथे आता शाळा आणि हॉस्पिटल आहे.

आणि मैत्रिणींनो, कबरस्तानाला लागूनच जो मोठा रस्ता जातो, आताचा आचार्य जगदीशचंद्र बोस रोड, तो कशावर बांधलाय सांगू? आपल्यावर! म्हणजे आपल्या भीतीवर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. त्यांच्या धास्तीनं १७४२ साली कलकत्तेकरांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. ‘मराठा डिच’. तो पुरा झालाच नाही, आणि मराठे कलकत्त्यापर्यंत आलेही नाहीत. १७९९ च्या सुमारास खंदक बुजवून त्यावर रस्ता केला. त्या स्वारांना तिकडे ‘बर्गी’ म्हणत. बंगाली आया अजूनही बाळाला झोपवताना बर्गी आले म्हणून अंगाई गातात. चहाच्या टपरीवर एका प्राध्यापक बाईंनी मला गाव विचारलं. नागपूर म्हटल्यावर त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, “बर्गी!” आणि दोघी खूप हसलो. पण नंतर वाटलं, आम्ही शाळेत या स्वाऱ्या चौथाईच्या आकड्यांसह शिकवल्या. १७५१ चा तह, वर्षाला बारा लाख. कुठल्या गावातल्या बायका कुठे पळाल्या, हे मी एकतीस वर्षांत एकदाही शिकवलं नाही. पाठ्यपुस्तकात नव्हतं. बंगालच्या अंगाईत मात्र राहिलं. बायकांचा इतिहास कुठे राहतो बघा.

फाटकातून आत गेलं की बाहेरच्या गाड्यांचा आवाज एकदम मागे पडतो. मोठमोठी झाडं, ओल, शेवाळ. पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना पिरॅमिड, उंच निमुळते स्तंभ, घुमट, खांबांचे मंडप, अगदी दाटीवाटीनं. वाटतं, एखादं गावच आहे, फक्त दारं बुजवलेली. लांबून दगडी वाटतं, पण बरंचसं विटांचं आणि चुन्याच्या गिलाव्याचं आहे. गिलावा सुटला की आतली लाल वीट दिसते. ज्यांना राज्य करायचं होतं त्यांना घाईही फार होती.

घाई का, ते वयं वाचल्यावर कळतं. एकवीस. सव्वीस. एकोणीस. अकरा महिने. त्या काळी इंग्रजांतच म्हण होती की हिंदुस्थानात आलेल्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. पटकी, हिवताप, हगवण. बायकांच्या बाबतीत त्यात बाळंतपणाची भर.

मी त्यांच्यासाठी गहिवर काढायला गेले नव्हते, हेही सांगते. कबरस्तान सुरू झालं १७६७ ला. १७७० मध्ये बंगालात असा दुष्काळ पडला की लाखो माणसं मेली, आणि कंपनीनं वसुली थांबवली नाही. त्या लाखोंपैकी कोणाचा दगड नाही. गोऱ्या साहेबांच्या पिरॅमिडसमोर उभं राहताना हे डोक्यात ठेवूनच उभं राहायचं. पण त्या पिरॅमिडखालची एकोणीस वर्षांची मुलगी काही वसुली ठरवत नव्हती. दोन्ही खरं आहे. बाईचा इतिहास वाचताना अशी दोन खरी एकदम धरावी लागतात.

फोटोचं थोडं तांत्रिक सांगते, कारण तुमच्यापैकी कोणी जाल. झिजलेली अक्षरं भर उन्हात वाचता येत नाहीत. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश बाजूनं आला की अक्षराच्या कडेला सावली धरते आणि दगड बोलायला लागतो. सावलीत असेल तर एका हातात बॅटरी घेऊन बाजूनं उजेड टाकायचा. दगडावर खडू घासायचा नाही, शेवाळ खरवडायचं नाही. तुम्हाला एक वाक्य मिळतं आणि दगडाचं आयुष्य कमी होतं. थंडीच्या सकाळी ओलीमुळे भिंगावर वाफ धरते, म्हणून पदर हाताशी ठेवायचा. साडीचा हा उपयोग फोटोग्राफीच्या कुठल्या पुस्तकात नाही.

असं बाजूनं उजेड टाकत मी बायकांची नावं वाचत निघाले. बहुतेक ठिकाणी रचना एकच. अमक्याची बायको. अमक्याची विधवा. अमक्याची मुलगी. आधी नवऱ्याचा हुद्दा, मग तिची वर्णनं. प्रेमळ, सुशील, सहनशील, आज्ञाधारक. पुरुषाच्या दगडावर त्यानं काय केलं ते लिहिलेलं, बाईच्या दगडावर ती कशी होती ते. म्हणजे ती नवऱ्याला कशी वाटली ते. मला आपल्याकडच्या वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजल्या आठवल्या. ‘प्रेमळ, मनमिळाऊ’. दोनशे वर्षं आणि सात समुद्र, शब्द तेच.

सगळ्यात मोठा पिरॅमिड एलिझाबेथ बारवेलचा. वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलातल्या रिचर्ड बारवेलची बायको. १७७८ मध्ये गेली, तरुण होती. लग्नाआधी मिस सँडरसन म्हणून तिच्या रूपाचा गावभर गाजावाजा. एक किस्सा सांगतात की एका नाचाच्या वेळी तिनं आपल्या प्रत्येक चाहत्याला वेगवेगळं गाठून, गुपित म्हणून एकाच तऱ्हेचा पोशाख करायला सांगितलं. ऐन समारंभात ते सगळे एकसारखे हिरवे-गुलाबी होऊन उभे! पुस्तकांत हा किस्सा तिच्या नखरेलपणाचा पुरावा म्हणून येतो. मला वेगळं दिसलं. बोटावर मोजण्याइतक्या गोऱ्या मुली आणि ढीगभर पुरुष अशा गावात, जिचं एकच काम होतं, लग्न ठरणं, त्या मुलीनं एका संध्याकाळपुरती सगळ्यांची गंमत केली. मग लग्न, आणि थोड्याच वर्षांत पिरॅमिड.

रोज एल्मर. वीस वर्षांची, १८०० साली गेली. वर निमुळत्या होत जाणाऱ्या, पीळ असलेल्या स्तंभाखाली आहे. वॉल्टर लँडर या इंग्रज कवीची ती तरुणपणची मैत्रीण. त्यानं तिच्यावर लिहिलेली छोटी कविता इंग्रजीत गाजली, आणि पुढे ती तिच्या थडग्यावरही बसवली. ती पटकीनं गेली असावी. पण त्या काळच्या एका गोऱ्या वकिलानं, विल्यम हिकीनं, आठवणींत खापर फोडलंय ते अननसावर. तिनं फार अननस खाल्ले म्हणे! आपल्याकडेही बाई आजारी पडली की पहिला प्रश्न हाच, “काय खाल्लंस?” दूषित पाण्याला कोणी विचारत नाही.

एक थडगं हिंदू देवळाच्या घाटाचं आहे. मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टचं, मृत्यू १८२८. लोक त्याला ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. गंगेत स्नान करायचा, मूर्ती जमवायचा. त्याचा मूर्तींचा संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. आपल्याला असा माणूस ऐकायला बरा वाटतो. पण त्याचा एक उद्योग ऐका. कलकत्त्यातल्या गोऱ्या बायकांनी कॉर्सेट टाकून साडी नेसावी म्हणून त्यानं लेख लिहिले, १८०९ मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. कॉर्सेट टाकायला सांगितलं ते चांगलंच. पण साडीत बायका अधिक मोहक दिसतात, हा त्याचा मुख्य मुद्दा! पुरुष कुठल्याही धर्माकडे झुको, बायकांनी काय नेसावं हे सांगण्याचा त्याचा धर्म सुटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, जे मला तिथे दिसलं नाही. अठराव्या शतकातल्या कलकत्त्यात पुष्कळ गोऱ्या पुरुषांच्या घरी हिंदुस्थानी बायका होत्या. ‘बीबी’ म्हणत त्यांना. वर्षानुवर्षं संसार, मुलंबाळं. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, आईच्या जागी कित्येकदा काहीच नाही. याच हिकीच्या घरी जमदानी नावाची बाई होती, १७९६ मध्ये बाळंतपणात गेली. तिचं नाव आपल्याला कळतं, कारण त्यानं ते लिहून ठेवलं. मी दिवसभर हिंडले. बीबींपैकी एकीच्याही नावाचा दगड मला सापडला नाही. ज्यांनी या साहेबांच्या उशाशी बसून त्यांच्या तापाच्या रात्री काढल्या असतील, त्या कुठे गेल्या? दफन केल्या की दहन? त्यांची नावं कोणी सांगितली? मला आईचं ‘माई’ आठवलं आणि मी तिथल्या एका पायरीवर बसले.

तिथे झाडणारी एक बाई होती. माझ्यापेक्षा लहान, पन्नाशीची. तिनं झाडू टेकवला आणि विचारलं, “दीदी, एका?” म्हणजे एकट्या का. मी मान हलवली. ती शेजारी बसली. माझं हिंदी, तिचं बंगाली, पण जमलं. ती म्हणाली, इथे रोज लोक फोटो काढायला येतात. नव्या नवऱ्या नटून येतात, सिनेमावाले येतात. सत्यजित राय यांची या कबरस्तानावर एक फेलूदाची गोष्ट आहे, ‘गोरोस्थाने साबधान’, तिच्यामुळेही पुष्कळ येतात. मग थांबून म्हणाली, “माझा कोणी काढला नाही.” हजारो फोटोंत ती झाडूसकट कुठेतरी मागे असेल, धूसर. मी म्हटलं, “बसा.” ती म्हणाली, “बसून नाही, उभी.” पदर नीट केला, झाडू बाजूला ठेवला, मग विचार बदलून परत हातात घेतला. तो त्या प्रवासातला माझा सर्वांत चांगला फोटो आहे. नागपूरला आल्यावर मोठा करून, मागे तिचं पूर्ण नाव बंगालीत लिहून पाठवला. नाव तिनंच माझ्या वहीत लिहून दिलं होतं, मी ते चित्रासारखं गिरवलं. तिला विचारलेलं नाही म्हणून आज इथे सांगत नाही. पण नाव आहे.

तिथे तरुण जोडपीही बसतात. शहरात त्यांना जागा कुठे आहे? त्यांचे फोटो मी काढले नाहीत. दुरून, पाठमोरेही नाही. एखाद्या मुलीचं घर, शिक्षण, जीवसुद्धा एका फोटोवर जाऊ शकतो, हे आपल्या केंद्रात येणाऱ्या मुलींकडून आपण ऐकलंय. कॅमेरा हातात आला म्हणून बघण्याचा सगळा हक्क आला असं नाही.

“भीती नाही वाटली?” असं सगळ्या विचारतात. वाटली ना! दुपारी तीनच्या सुमारास एका वाटेवर चार तरुण मागे चालायला लागले. दोन वळणं घेतली, तेही वळले. भुतं सोळाशे होती, त्यांची भीती वाटली नाही, या चौघांची वाटली. शेवटी उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, “क्या है?” त्यातला एक चपापून म्हणाला, “आंटी, हम चारों का एक फोटो निकालेंगी?” काढला. पण घशाला पडलेली कोरड खरी होती. ती भीती माझी एकटीची नाही. पन्नास वर्षं प्रत्येकीनं मला ती वाढून दिली, प्रेमानंच.

निघताना डेरोझिओकडे गेले. हेन्री डेरोझिओ, हिंदू कॉलेजातला शिक्षक, १८३१ च्या डिसेंबरात पटकीनं गेला, वय बावीस. मुलांना विचार करायला शिकवतो म्हणून त्याच वर्षी नोकरीवरून काढलेला. सतीची चाल १८२९ मध्ये बेकायदा झाली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यानं चितेवरून वाचवलेल्या विधवेवर दीर्घकाव्य लिहिलं. मी शिक्षिका आहे. बावीस वर्षांच्या शिक्षकाच्या थडग्यावर मी एक फूल ठेवलं. त्या दिवशी ठेवलेलं एकच.

दुसऱ्या दिवशी सेंट जॉन चर्चच्या आवारात गेले. तिथे कलकत्त्याचा पाया घालणारा म्हणून सांगितला जाणारा जॉब चार्नॉक आहे. दंतकथा अशी की त्यानं एका हिंदू विधवेला चितेवरून ओढून काढलं आणि तिच्याशी संसार केला. दंतकथेत तो वीर, ती नुसती ‘सुंदर विधवा’. तिथेच फ्रान्सिस जॉन्सनही आहे, ‘बेगम जॉन्सन’. जन्म १७२५ चा, मृत्यू १८१२ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी. चार लग्नं केली. चौथा नवरा पाद्री. तो १७८८ मध्ये विलायतेला निघून गेला, आणि म्हणतात की वर्षासन बांधून तिनंच त्याला वाटेला लावलं. ती मात्र गावात राहिली, पत्ते खेळत, गप्पा मारत. तिचा नातू इंग्लंडचा पंतप्रधान झाला. एवढी जगलेली बाई, तरी तिच्या दगडावर चारही नवऱ्यांचा हिशेब आहे! पण त्या सगळ्या विशी-पंचविशीतल्या मुलींनंतर सत्त्याऐंशी हा आकडा वाचून मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

याच कलकत्त्याहून १८८३ च्या एप्रिलमध्ये आपली आनंदीबाई जोशी नवऱ्याशिवाय बोटीत बसली होती. अठरा वर्षांची. डॉक्टर होऊन परत आली आणि १८८७ मध्ये पुण्यात गेली. तिच्या अस्थी अमेरिकेत तिच्या कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या कबरस्तानात, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, तिचा दगड आहे. त्यावर तिचं नाव आणि तिची पदवी आहे, एम. डी. ‘अमक्याची बायको’ अशी ओळख नाही. मराठी बाईला तिच्या कामानं ओळखणारा दगड तिकडे, इतक्या दूर उभा राहिला.

आणि दहनाचं म्हणाल तर १८९० साली पुण्यात जोतिराव गेले, तेव्हा टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंद भांडायला उठले. सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं, प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. एकशे तीस-पस्तीस वर्षं झाली. मी २००९ साली फरशी पुसत होते. सावित्रीबाईंची जयंती आम्ही शाळेत दरवर्षी केली, भाषणं बसवली. टिटव्याचा प्रसंग मी मुलींना सांगायचे. आपण सांगतो ते आपल्या अंगणात आलं की ओळखू येत नाही, एवढंच.

२०२२ साली माझी मावशी गेली. या वेळी मी विचारलं नाही. चपला घातल्या आणि निघाले. मावसबहीण माझ्याकडे बघत होती, तीही निघाली. कोणीतरी म्हणालं, “बायका येत नाहीत.” मी म्हटलं, “आलोय.” तेवढंच. पुढे कोणी अडवलं नाही. इतकी वर्षं ज्या भिंतीला मी घाबरत होते, ती धक्का लागताच सरकली. प्रत्येकीच्या वाट्याला इतकी सोपी येत नाही, हेही मला ठाऊक आहे. काही जणींना यासाठी गाव सोडावं लागलंय.

आणि घाटावर काय असतं? ज्याला बायकांचं काळीज सोसणार नाही म्हणतात, ते काय? लाकडाचा हिशेब, पावती, बाकावर बसून मोबाइल बघणारे पाहुणे. आमच्या नागपुरात तर एका घाटाचं नावच गंगाबाई घाट आहे. बाईच्या नावाचा घाट, आणि बाईला मज्जाव! बाळंतपण सोसतं, कर्करोगाची जखम धुणं सोसतं, आणि ज्वाळा सोसत नाहीत म्हणे. मावसबहिणीनं अग्नी दिला. ती रडली. पुरुषही रडत होते.

मग रजिस्टरवाल्यानं विचारलं, “मयताचं नाव?” मी पुढे झाले आणि सावकाश सांगितलं. पाळण्यातलं नाव, माहेरचं आडनाव, लग्नातलं नाव, सासरचं आडनाव. तो म्हणाला, “एवढी जागा नाही.” मी म्हटलं, “समासात लिहा.” त्यानं बारीक अक्षरात समासात लिहिलं. मी कॅमेरा काढून त्या पानाचा फोटो घेतला. कलकत्त्यात मी जे शिकले ते एवढंच, उजेड बाजूनं टाकायचा आणि नाव नीट वाचायचं.

शेवटी एक काम सांगते आणि थांबते. आपल्यात लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. पेढे वाटतात. जुनं नाव त्या तांदळाबरोबर सारवलं जातं. माझ्या आजीचं पाळण्यातलं नाव मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्या सगळ्या गेल्या. मी आईला विचारलं नाही, कारण मला तेव्हा कारण सुचलं नव्हतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर आईला, मावशीला, आत्याला, गल्लीतल्या म्हातारीला विचारा: तुझ्या आईचं पाळण्यातलं नाव काय? ते लिहून काढा, साल लिहा, गाव लिहा. जमलं तर तिचा एक फोटो काढा, झाडू हातात हवा असेल तर झाडूसकट, आणि मागे तिच्याच हातानं नाव लिहून घ्या. ही नावं आपल्या त्रैमासिकाकडे पाठवा. संपादक मैत्रिणींनी पुढच्या अंकात दोन पानं राखून ठेवायचं कबूल केलंय.

दगड आपल्याकडे नाही. कागद आहे.